बाबांच्या खुणा आधी मोबाइलात घ्या

ताई, मी देवबागचा. १४ वर्षं मुंबईत नोकरी करून गेल्या वर्षी गावी परत आलो. बाबांनी आयुष्यभर मासेमारी केली. आता वय ७१, गुडघे साथ देत नाहीत, त्यामुळे त्यांचं समुद्रावर जाणं बंद झालंय. मी २२ फुटी फायबरची होडी घेतलीय. आउटबोर्ड इंजिन आहे आणि हौसेनं लहान शीडही बसवलंय. भाच्यानं माझ्या मोबाइलात नऊ ॲप टाकून दिली. बाबा म्हणतात, ‘मोबायलात दर्या दिसता, खडाप दिसणा नाय.’ बायकोला मी बाहेर पडलो की काळजी लागते. नेमकी कोणती ॲप ठेवू? मोठ्या पडद्याचा टॅबलेट घ्यावा का?
— एक वाचक, देवबाग

नमस्कार.

तुमचे बाबा बरोबर बोलतायत, आणि भाच्याचाही हेतू चांगला आहे. पण नऊ ॲप फार झाली. एक हात सुकाणूवर असताना दुसऱ्या हातानं जेवढं बघता येईल तेवढंच होडीत कामाचं. मी २० वर्षं जयगडच्या खाडीतून लहान शिडाची होडी बाहेर काढते, आणि माझ्या फोनमध्ये समुद्रासाठी पाच ॲप आहेत. त्यातली तीन तर मी जेटीवरच बघून बंद करते.

आधी खडपांचंच, म्हणजे पाण्याखालच्या खडकांचंच बोलू, कारण तुमच्याकडे मालवणच्या बाजूला तोच मोठा प्रश्न आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाण्याखाली किती खडप आहे ते तिथल्या होडीवाल्यांना विचारा. गूगल मॅपवर समुद्र म्हणजे नुसता निळा रंग. त्यात खोली नाही, खडक नाही, वाळूचा दांडा नाही. गाडीसाठी ते ॲप उत्तम, होडी हाकताना ते उघडूच नका. समुद्राला सागरी नकाशा लागतो, ज्यावर खोलीचे आकडे, खडक, दीपगृहं आणि बोया दाखवलेल्या असतात. आपल्या किनाऱ्याचे अधिकृत नकाशे नौदलाचं देहरादूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस काढतं. मोबाइलवर असे नकाशे बघायला नॅव्हिऑनिक्स हे ॲप सगळ्यात जास्त वापरलं जातं. त्याची वर्षाची वर्गणी भरावी लागते, पण माझ्या मते ती भरण्यासारखी आहे. आपला भाग घरी वायफायवर उतरवून ठेवा. समुद्रात नेटवर्क गेलं तरी फोनचं जीपीएस चालू राहतं, फक्त नकाशा आधीच फोनमध्ये असायला हवा.

हे ॲप पहिल्यांदा उघडाल तेव्हा सेटिंगमध्ये खोली कशात दाखवतंय ते बघा: मीटर, फूट की फॅदम. पडद्यावर ३ दिसलं आणि ॲप फुटांत असेल, तर तिथे एक मीटरही पाणी नाही. बाबा वावात बोलणार. एक फॅदम म्हणजे ६ फूट, म्हणजे साधारण त्यांचीच वाव. दुसरं, नकाशावरची खोली अगदी खालच्या ओहोटीच्या पाण्याला धरून लिहिलेली असते. त्या वेळची भरती त्यात मिळवायची असते. आणि तिसरं, जे मी प्रत्येकाला सांगते: नकाशा लांबून बघू नका. बोटांनी मोठा करत करत आपल्या वाटेवरचा प्रत्येक तुकडा बघा. नकाशा लहान केला की ॲप पडद्यावरची गर्दी कमी करायला बारीक खडक झाकून टाकतं. २०१४च्या नोव्हेंबरात व्होल्वो ओशन रेसमधली टीम वेस्तास विंड ही शिडाची बोट आपल्याच हिंद महासागरात, मॉरिशसच्या ईशान्येला, कार्गादोस काराहोसच्या खडकांवर चढली. बोटीवर नऊ माणसं होती, सगळी वाचली. ती जगातली उत्तम माणसं होती आणि त्यांच्याकडची यंत्रंही उत्तम होती. पण नकाशा पुरेसा मोठा करून न बघितल्यानं एवढा मोठा खडकांचा पट्टा त्यांच्या नजरेतून सुटला.

आता तुमच्या घरासमोरचं. कर्ली नदीच्या मुखाशी वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते. कुठलंही ॲप, कितीही पैशांचं असो, यंदाच्या ऑक्टोबरात वाळूचा दांडा कुठे बसलाय हे सांगू शकत नाही. लहान खाड्यांच्या तोंडाशी तर नकाशावरचे आकडेच विरळ असतात. म्हणून मी तुम्हाला एक काम सांगते. या पत्राचं खरं उत्तर तेच आहे.

बाबांना होडीत घ्या. गुडघे दुखतात तर प्लॅस्टिकची खुर्ची दोरीनं घट्ट बांधा, लाइफ जॅकेट घाला आणि त्यांना मध्ये बसवा. दिवस निवडा अमावास्येनंतरचा एखादा, उधाणाच्या सुकतीचा (मोठ्या ओहोटीचा), सकाळचा, वारा पडलेला. त्या पाण्याला एरवी बुडालेली खडपं डोकं वर काढतात. फोनमध्ये ओएसएमअँड नावाचं ॲप टाका. त्याची मूळ आवृत्ती फुकट आहे, नकाशा आधी उतरवून ठेवता येतो आणि तुम्ही जिथून जाल ती वाट ते रेघेसारखी नोंदवत जातं. बाबा म्हणतील तिथून होडी न्या, म्हणतील तिथे इंजिन गिअरमधून काढा आणि त्या जागी खूण टाका. ‘ह्या माडाच्या रेषेत देवळाचा कळस इलो की खडाप डाव्या हाताक’ असं ते काहीतरी सांगतील. त्याच क्षणी माड आणि कळस एका रेषेत धरून फोटो काढा आणि त्यांचं बोलणं आवाजात नोंदवा. हे सगळं त्या खुणेलाच जोडून ठेवायची सोय या ॲपमध्ये आहे. नंतर घरी बसून ते ऐकता येतं.

खूण टाकताना एक लक्षात ठेवा. मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस चांगलं असलं तरी पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतंच. म्हणून खडपाच्या खुणेला निदान ५० मीटर मोकळं अंतर सोडून वाट आखायची. खडपाला चाटून जायची हिंमत बाबांची होती, कारण त्यांना पाण्याचा रंग वाचता येतो. तुम्हाला तो यायला दोन-तीन हंगाम लागतील. अशा तीन-चार फेऱ्या झाल्या की ती नोंद जीपीएक्स फाइल म्हणून बाहेर काढा आणि स्वतःला ईमेल करून ठेवा. फोन पाण्यात गेला तरी फाइल जाणार नाही, आणि हीच फाइल बहुतेक सगळ्या नकाशांच्या ॲपमध्ये उघडते. वाळूच्या दांड्याची फेरी मात्र दर वर्षी पावसाळ्यानंतर नव्यानं करायची.

भरतीची वेळ सांगणारी ॲप पुष्कळ आहेत आणि बहुतेक ठीकच असतात. पण त्यांचा हिशेब मोठ्या बंदरांचा असतो. मधल्या गावांसाठी ती दोन बंदरांमधून अंदाज काढतात. खाडीच्या आत तर भरती तोंडापेक्षा उशिरा पोचते. म्हणून तुमच्या जेटीच्या खांबावर रंगानं वीत-वीत अंतरावर रेघा मारा आणि पंधरा दिवस ॲपची वेळ आणि पाणी प्रत्यक्ष थांबल्याची वेळ वहीत शेजारी-शेजारी लिहा. माझ्या जेटीवर असा २५ मिनिटांचा फरक निघाला, आणि तेव्हापासून मी तो मनातच मिळवते. बाबांना तिथीची पाऊणपट माहीत असणारच. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मुंबईच्या पाण्याला हा हिशेब छान बसतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, तेवढं वजा करायचं. ॲप आणि तिथी यांत दोन-तीन तासांचा फरक दिसला, तर ॲपमध्ये भलतंच बंदर निवडलं गेलंय असं समजा. हे माझ्या बाबतीत एकदा घडलंय. मुंबईला मोठ्या उधाणाच्या भरती-ओहोटीत चार-पाच मीटरांचा फरक पडतो, तुमच्याकडे साधारण त्याच्या निम्मा. तेव्हा मुंबईच्या मित्राचे आकडे तुमच्या पाण्याला लावू नका.

वाऱ्यासाठी विंडी ठेवा. ते स्वतः हवामान काढत नाही, जगभरच्या संस्थांची गणितं एका नकाशावर दाखवतं. त्यात युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ आणि अमेरिकेचं जीएफएस ही दोन मुख्य. दोन्ही आलटून पालटून बघायची. दोन्ही सारखं सांगत असली तर विश्वास ठेवायचा. दोघांत फार अंतर असेल तर त्या दिवशी जवळच राहायचं. ही गणितं काही किलोमीटरांच्या चौकोनांवर चालतात, त्यामुळे दुपारी किनाऱ्यावर उठणारा खारा वारा त्यांत पूर्ण पकडला जात नाही. फेब्रुवारीपासून मेपर्यंत सकाळी मतलई (जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा) मंद असते, आणि दुपारी वायव्येकडून १२ ते १५ नॉट वारा सहज येतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. पडद्यावर दिवसभर हिरवा रंग दिसला, म्हणून मी एकदा दुपारी तीनला परत यायला निघाले. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी बाहेर येत होतं आणि वारा त्या पाण्याच्या समोरून आत घुसत होता. दोघांच्या भांडणात लाटा जवळजवळ उभ्या राहिल्या होत्या. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर गेली की समोर नुसतं आकाश, आणि खाली आली की पाणी थेट पायांवर. आत शिरायला मला पाऊण तास लागला. त्या दिवसापासून मी परतीची वेळ ठरवताना वारा आणि पाणी एकत्र बघते. खाडीत शिरायचं ते चढत्या भरतीला.

विंडीमध्ये लाटांच्या उंचीइतकंच त्यांच्यातलं अंतरही बघा, सेकंदांत दिलेलं असतं. एक मीटरची लाट सहा सेकंदांनी आली तर होडी हलते एवढंच. तेवढीच लाट १४-१५ सेकंदांनी आली तर ती लांबून आलेली फुगोटी असते. खोल पाण्यात ती जाणवतही नाही, पण वाळूच्या दांड्यावर येऊन फुटते. अशा लाटांचे इशारे हैदराबादचं इन्कॉइस देतं. ही पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची संस्था आहे आणि तिचं समुद्र नावाचं ॲप आहे. लाटा, प्रवाह, वारा आणि मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे ते त्यात मिळतं. मासळीचा अंदाज उपग्रहानं मोजलेल्या पाण्याच्या तापमानावरून आणि हिरव्या रंगद्रव्यावरून काढतात. बाबांना तो दाखवा. कुठे जुळतो, कुठे नाही, हे तेच तुम्हाला सांगतील.

या सगळ्यांवर शेवटचा शब्द हवामान खात्याच्या मच्छीमारांसाठीच्या इशाऱ्याचा. तो आला की बाकी कुठलं ॲप काय म्हणतंय हे बघायचंच नाही, होडी वर ओढायची. २००९च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ आलं तेव्हा कोकणातल्या कितीतरी होड्या बाहेर होत्या. बाबांना ते दिवस आठवत असतील. आज निदान इशारा खिशात येतो. मे आणि ऑक्टोबरसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी हे ॲपही ठेवा. आसपासच्या २० ते ४० किलोमीटरांत वीज पडत असली तर ते सांगतं. उघड्या होडीत डोलकाठी हीच सगळ्यात उंच वस्तू असते. दामिनीला नेटवर्क लागतं, त्यामुळे निघण्याआधी बघायचं.

मरीनट्रॅफिकसारखं जहाजं दाखवणारं ॲप भाच्यानं टाकलं असेल, तर ते बघायला सुंदर आहे, पण त्याच्या भरवशावर वाट काढू नका. त्यातली माहिती इंटरनेटवरून येते, उशिरा येते, आणि तुमच्यासारख्या लहान होड्या त्यात दिसतच नाहीत. जहाज डोळ्यांनी बघायचं, विशेषतः शिडाच्या मागच्या बाजूला.

आता बायकोची काळजी. तिला व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठवा. ते आठ तासांपर्यंत ठेवता येतं. पण तिला आधीच सांगा की नेटवर्क गेलं की ठिपका थांबतो, आणि थांबलेला ठिपका म्हणजे बुडालेली होडी नव्हे. हे न सांगितल्यानं माझ्या घरी एकदा संध्याकाळभर रडारड झाली होती. त्याहून उपयोगाचं म्हणजे फ्रिजवर एक कागद: कुठे जातोय, सोबत कोण, किती वाजता परत, आणि किती वाजेपर्यंत वाट बघून कोणाला फोन करायचा. तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. हे दोन आकडे होडीतही रंगानं लिहा, म्हणजे तुम्हाला काही झालं तर सोबतचा माणूस फोन करू शकेल.

फोनवर जागा सांगायची वेळ आली तर एका गोष्टीवर फार चुका होतात. फोन बहुधा दशांशात अंश दाखवतो, आणि समुद्रावरची माणसं अंश आणि मिनिटांत बोलतात. १६.०५ अंश म्हणजे १६ अंश ३ मिनिटं. ते घाईत ‘१६ अंश ५ मिनिटं’ असं सांगितलंत तर शोधणारे दोन सागरी मैल, म्हणजे जवळजवळ पावणेचार किलोमीटर, भलतीकडे जातील. नकाशाच्या ॲपमध्ये आत्ताच अंश-मिनिटांची सेटिंग करून ठेवा आणि बायकोला एकदा मोठ्यानं वाचून दाखवा.

परदेशी व्हिडिओंमध्ये उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रं दाखवतात. ती मागवू नका. आपल्याकडे परवानगीशिवाय उपग्रह फोन किंवा तसं यंत्र बाळगणं हा गुन्हा आहे आणि त्यावरून लोकांना अटक झालेली आहे. त्याऐवजी मासेमारीच्या यांत्रिक होड्यांवर बसवला जाणारा इस्रोनं तयार केलेला ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहामार्फत संदेश देणारं-घेणारं यंत्र आहे. नभमित्र हे ॲप ब्लूटूथनं त्याला जोडलं जातं, आणि नेटवर्क नसलेल्या पाण्यातही दोन्हीकडून संदेश जातात. त्याची मोठी योजना २०२४च्या ऑगस्टमध्ये पालघरला सुरू झाली. तुमची होडी मासेमारीसाठी नोंदलेली असेल तर मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात जाऊन विचारा.

फोन सांभाळणं हे ॲप निवडण्याइतकंच मोठं काम आहे. एप्रिलात एकदा मी फोन उन्हात फळीवर ठेवला होता. वाट विचारायला उचलला तर पडदा काळा आणि तापमानाची सूचना. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवल्यावर वीस मिनिटांनी सुरू झाला. तोवर मी डोळ्यांनी आणि होकायंत्रानं चालवलं. फोन सावलीत, पारदर्शक पाणबंद पाऊचमध्ये आणि दोरीनं अंगाला बांधलेला हवा. पाऊचमधून बोट नीट चालतं का ते घरी बघा, कारण खाऱ्या पाण्याचे थेंब पडद्यावर पडले की ॲप आपोआप उघडतात-बंद होतात. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेल्या फोनची परीक्षा गोड्या पाण्यात झालेली असते. चार्जिंगच्या भोकात खारट ओल असताना वायर लावली की ते भोक गंजून जातं. किनारा धुसर झाला की एअरप्लेन मोड लावा. जीपीएस चालूच राहतं आणि टॉवर शोधण्यात बॅटरी जात नाही. होकायंत्राजवळ फोन ठेवू नका, त्यातल्या चुंबकानं सुई सरकते. निदान हातभर अंतर ठेवा.

राहिला टॅबलेट. यंदा घेऊ नका. २२ फुटी उघड्या होडीत तो ठेवायला कोरडी जागा नाही आणि उन्हात पडदा नीट दिसत नाही. त्याऐवजी घरात पडलेला जुना फोन काढा, सिम नको, तेच नकाशे आणि बाबांच्या खुणांची फाइल त्यात टाका आणि घट्ट झाकणाच्या डब्यात पॉवर बँकेसोबत ठेवून द्या. पुढे कधी टॅबलेट घेतलात तर सिमची सोय असलेलाच घ्या. फक्त वायफायच्या आयपॅडमध्ये जीपीएसच नसतं, हे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. वाचलेल्या पैशांत आधी होडीतल्या प्रत्येक माणसामागे एक, आणि वर एक जास्त, असं चांगलं लाइफ जॅकेट घ्या.

तर नऊपैकी नॅव्हिऑनिक्स, ओएसएमअँड, विंडी, समुद्र आणि दामिनी ठेवा. हवामान खात्याचा इशारा रोज सकाळी बघायचाच आहे. भरतीचं एक ॲप सोडून बाकीची भाच्यालाच काढायला सांगा आणि पहिल्या फेरीला त्यालाही सोबत न्या. फोन त्याच्या हातात, सुकाणू तुमच्या हातात आणि खुर्चीत बाबा. फाइल तयार झाली की एक प्रत त्याच्याही फोनमध्ये ठेवा. बाबांना माझा नमस्कार सांगा.